लेसिक की स्माईल? आधी पडद्याची जाडी विचारा

बेळगावात खडेबाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. लग्न ठरलं किंवा भरती जवळ आली की खानापूर, निपाणीकडची पोरं येतात: "ताई, नंबर घालवायचाय, लेसिक करू की स्माईल?" दोन्ही चष्म्याचा नंबर घालवायची लेसर ऑपरेशनं. मी म्हणते, कोणतं करायचं ते तुमच्या डोळ्याचा पडदा ठरवेल.

लेसर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कोरतो. त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. एका नंबरमागे अंदाजे 14 मायक्रॉन जातात. समजा पडदा 500 चा आणि नंबर मायनस 8. लेसिकमध्ये झाकणासारखा वर उचलायचा पडद्याचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, 110 चा, कोरण्यात गेले 112, खाली उरले 278. बरेच सर्जन 300 च्या खाली उतरत नाहीत, कारण पडदा अशक्त झाला तर पुढे फुगतो आणि नजर बिघडते. म्हणून टोपोग्राफीचा, म्हणजे पडद्याचा आकार आणि जाडी मोजणाऱ्या तपासणीचा, रंगीत कागद मागून घ्या, त्यावरचा सगळ्यात कमी जाडीचा आकडा बघा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर माप चुकतं.

पीआरके ही आणखी एक लेसर पद्धत, तिच्यात फ्लॅप नसतो. वरची नाजूक साल काढून लेसर मारतात, तीन-चार दिवस डोळे चांगलेच चुरचुरतात. पण कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्याला मी याबद्दलच विचारायला सांगते, कारण फटक्याने सरकायला फ्लॅपच नाही. स्माईलमध्ये बारीक छेदातून आतली चकती काढतात. ते मायनस नंबरवाल्यांसाठी. नंबर मोठा आणि पडदा पातळ असेल तर आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स.

वय 18 च्या पुढे हवं, नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. चाळिशीचा वाचायचा चष्मा यानं टळत नाही.

निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्यांना तर मी बजावूनच सांगते: डोळे चोळायची सवय असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सतत चोळून पडदा शंकूसारखा होऊ शकतो, आणि अशा डोळ्याला लेसिक नको.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची तयारी करत असाल तर त्या वर्षीच्या जाहिरातीतला डोळ्यांचा नियम वाचल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. कोरलेला पडदा परत भरून येत नाही.