कायरोप्रॅक्टिक कॉलेजला जायचंय? पदवीच्या विषयांची आखणी अशी करा

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणक्यांवर आणि सांध्यांवर उपचार करणारा, व्हायचं तर डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, म्हणजे डीसी, ही पदवी घ्यावी लागते आणि तिच्याआधी कॉलेजची निदान तीन वर्षं. डीसीच्या प्रवेशाला मेडिकलसारखी एमकॅट परीक्षा लागत नाही. त्यामुळे 'आधी काहीही शिका, पुढचं पुढे बघू' असा समज पसरतो आणि तो महागात पडतो. परीक्षा नाही म्हणूनच तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, सगळा भार येतो. कोणता विषय, कोणत्या सेमिस्टरला, लॅबसह की लॅबविना, हे सगळं तिथे उघड दिसतं.

आधी किमान अट नीट वाचा

अमेरिकेतल्या डीसी कॉलेजांना कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन ही संस्था मान्यता देते. तिच्या निकषानुसार प्रवेशासाठी किमान ९० सेमिस्टर क्रेडिट्स (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक) आणि ४ पैकी किमान ३.० जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, हवा. या ९० पैकी २४ क्रेडिट्स जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र अशा विज्ञान विषयांचे असावेत आणि त्यातल्या निम्म्या विषयांना खरीखुरी प्रयोगशाळा जोडलेली असावी. जीपीए ३.० च्या खाली पण २.७५ च्या वर असेल तर काही कॉलेजं पर्यायी मार्गाने प्रवेश देतात, मात्र तिथे अभ्यासावर जास्त लक्ष ठेवलं जातं. तो मार्ग अडल्यानडल्यासाठी आहे. पहिल्या वर्षी आखणी करताना तो गृहीत धरू नका.

ही झाली किमान अट. यावर प्रत्येक कॉलेज आपापली भर घालतं. म्हणून आयोवातलं पामर, इलिनॉयमधलं नॅशनल, मिसूरीतलं लोगन, मिनेसोटातलं नॉर्थवेस्टर्न, टेक्सासमधलं पार्कर अशा तीन-चार कॉलेजांच्या प्रवेशाच्या अटी शेजारी शेजारी ठेवा आणि त्यातली सगळ्यात कडक यादी आपली मानून चाला.

तुमचं सध्याचं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे वर्ष सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांत विभागणारं, असेल, तर सावध. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची (यूसी) बहुतेक कॅम्पस आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन याच पद्धतीने चालतात. एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे दोन तृतीयांश सेमिस्टर क्रेडिट. ९० सेमिस्टर क्रेडिट्ससाठी तिथे १३५ लागतात. चार क्रेडिटचा रसायनशास्त्राचा कोर्स रूपांतरानंतर पावणेतीनच्याही आत येतो. शेवटच्या वर्षी २४ चा आकडा तीन-चारने कमी पडल्याचं कळतं, ते बहुतेक वेळा यामुळेच.

रसायनशास्त्राची साखळी पहिल्या सेमिस्टरपासून धरा

या आखणीत सगळ्यात मोठी अडचण रसायनशास्त्राची आहे. जनरल केमिस्ट्री एक झाल्याशिवाय दोन घेता येत नाही, दोन झाल्याशिवाय ऑरगॅनिक एक नाही, मग ऑरगॅनिक दोन, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतरच बायोकेमिस्ट्री. पाच विषय एकामागोमाग, म्हणजे पाच सेमिस्टर. त्यातून अनेक कॉलेजांत पहिला भाग फक्त ऑगस्टमध्ये सुरू होतो. 'आधी कॉलेजात रुळू दे, मग केमिस्ट्री घेऊ' म्हणत पहिलं सेमिस्टर सोडलंत, तर सहा महिने नाही, अख्खं वर्ष मागे पडतं.

म्हणून पहिल्या सेमिस्टरला साधारण असं बसवा: जनरल केमिस्ट्री एक लॅबसह (४ क्रेडिट्स), जनरल बायोलॉजी एक लॅबसह (४), इंग्रजी लेखन (३), मानसशास्त्राची ओळख (३). चौदा क्रेडिट्स झाले. पहिल्या सेमिस्टरला एवढे पुरे. दुसऱ्या सेमिस्टरला याच दोन विज्ञान विषयांचे पुढचे भाग आणि जोडीला संख्याशास्त्र. वर्षाअखेर विज्ञानाचे सोळा क्रेडिट्स लॅबसह हातात येतात.

दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिकच्या जोडीला अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग घ्या. फिजिक्स मात्र तिसऱ्या वर्षावर ढकला. तिन्ही एकाच सेमिस्टरला घेतले की आठवड्यात तीन लॅब, प्रत्येकी जवळपास तीन तास, वर प्रत्येकीचा रिपोर्ट. हुशार मुलंसुद्धा इथे दमतात आणि बीची सी होते. फिजिक्स बीजगणितावर आधारलेलं चालतं. कॅल्क्युलसवालं घेण्याची गरज नाही. तिसऱ्या वर्षात बायोकेमिस्ट्री, किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा व्यायामाची फिजिऑलॉजी यांनाही जागा करा.

बऱ्याच कॉलेजांत लेक्चर आणि लॅब यांची नावनोंदणी वेगवेगळी असते. लेक्चर घेतलं आणि लॅब 'पुढच्या वेळी' म्हणून राहिली, तर ट्रान्सक्रिप्टवर तो विषय लॅबविनाच दिसतो.

आपल्या घरांतली मुलं हायस्कूलमधून एपीचा, म्हणजे तिथेच शिकलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचा, ढीग घेऊन येतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. एपी बायोलॉजीचे क्रेडिट्स मिळाले तरी त्याची कॉलेजची ग्रेड नसते, म्हणजे जीपीएला त्याचा काडीचाही उपयोग नाही. काही डीसी कॉलेजं अटीच्या विषयात एपी स्वीकारतात, काही नाहीत. एपीच्या जोरावर बायोलॉजी एक सोडलंत, तर त्याच्या जागी वरच्या पातळीचा लॅबवाला विषय, उदाहरणार्थ मायक्रोबायोलॉजी, घेऊन टाका. वाद मिटला.

जीपीएचं गणित कागदावर करा

एका क्रेडिटला एचे ४, बीचे ३ आणि सीचे २ गुण धरतात. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिकमध्ये सी आली की ८ गुण मिळतात, ३.० च्या हिशेबाने १२ हवे होते. हे चार गुण भरून काढायला चार क्रेडिटच्या दुसऱ्या एखाद्या विषयात पूर्ण ए लागते. हे एका विषयाचं झालं.

आता दोन वर्षांचा हिशेब बघा. ६० क्रेडिट्सनंतर जीपीए २.७ आहे, म्हणजे १६२ गुण. ९० क्रेडिट्सला ३.० हवा असेल तर २७० लागतात. उरलेल्या ३० क्रेडिट्समध्ये १०८ गुण मिळवायचे, म्हणजे सरासरी ३.६. ज्याला दोन वर्षं २.७ वर थांबावं लागलं, त्याने तिसऱ्या, सगळ्यात अवघड वर्षी ३.६ आणायचे! म्हणून सेमिस्टरच्या मध्यावर एखादा विषय हाताबाहेर जातोय असं दिसलं, तर मुदत संपण्याआधी तो सोडा आणि उन्हाळ्यात पुन्हा घ्या. ट्रान्सक्रिप्टवर एखादा डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, परवडतो. सी मायनस नाही, कारण अटीच्या विज्ञान विषयात अनेक कॉलेजं सीच्या खालची ग्रेड धरतच नाहीत. विषय सोडताना शिष्यवृत्तीसाठी किंवा व्हिसासाठी लागणारे किमान क्रेडिट्स मोडत नाहीत ना, एवढं आधी तपासा.

अटीपलीकडचे विषय

कायरोप्रॅक्टरच्या परवान्यासाठी नॅशनल बोर्डाच्या परीक्षा चार भागांत असतात. पहिल्या भागाचे विषय सहा: सामान्य शरीररचना, पाठीच्या कण्याची रचना, फिजिऑलॉजी, रसायनशास्त्र, पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी. ही यादी भिंतीवर लावा आणि ऐच्छिक विषय निवडताना तिच्याकडे बघा. डीसीच्या पहिल्याच वर्षात शवविच्छेदनासह शरीररचना, पेशीजालशास्त्र, भ्रूणशास्त्र, बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर येतात. हाडांची आणि स्नायूंची नावं आधीच तोंडात बसलेली असतील तर झोप तरी मिळते.

दुसरी भर हिशेबाची. बरेच कायरोप्रॅक्टर पुढे स्वतःचं क्लिनिक चालवतात. अकाउंटिंगचा एक आणि छोट्या व्यवसायाचा एक कोर्स घ्या. ऐच्छिक म्हणून घेतलेल्या चित्रपट-रसग्रहणापेक्षा ते नक्की कामाला येतात. (रसग्रहण वाईट नाही, पण ते सोमवारी संध्याकाळी घरी होतं.)

पदवी पूर्ण करायची की ९० वर निघायचं?

पूर्ण करा, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लोरिडासारखी काही राज्यं परवान्यासाठी बॅचलर्स पदवी मागतात आणि पुढे आपण कुठे राहू हे विसाव्या वर्षी कुणाला ठाऊक असतं? शिवाय मन बदललं तर फिजिकल थेरपी, फिजिशियन असिस्टंट हे रस्ते पदवीशिवाय बंद असतात. घाई असेल तर आपल्या कॉलेजचा एखाद्या डीसी कॉलेजशी करार आहे का, ते अॅडव्हायझरला विचारा. अशा करारात तीन वर्षांनंतर तिकडे जाता येतं आणि डीसीच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट्स परत आणून बॅचलर्स पूर्ण होते. करारातले विषय पहिल्या वर्षापासून ठरलेले असतात, म्हणून हा प्रश्न तिसऱ्या वर्षी विचारून उपयोग नाही.

दुसऱ्या वर्षापासून एखाद्या क्लिनिकमध्ये बसून काम बघा, शक्यतो दोन वेगळ्या विचारांच्या कायरोप्रॅक्टरांकडे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीच्या औषधाविना उपचारांमध्ये मणक्यांच्या मॅनिप्युलेशनचाही (हातांनी दाब देऊन सांधा हलवण्याचा) समावेश आहे. पण याच व्यवसायात कणा नीट केला की सगळे रोग जातात असं मानणारेही आहेत. कॉलेजांतही हा फरक आहे आणि तो माहितीपत्रकापेक्षा क्लिनिकमध्ये लवकर कळतो. मी पुराव्याने चालणाऱ्या कॉलेजच्या बाजूचा आहे.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांसाठी

मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून बीएस्सी, किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) करून अमेरिकेला जायचं असेल, तर तुमच्या गुणपत्रिकेचं क्रेडिट्समध्ये रूपांतर मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून करून घ्यावं लागतं. अहवाल विषयवार मागा. नुसत्या 'पदवी समकक्ष' शेऱ्यावर काम भागत नाही. आपल्याकडे प्रात्यक्षिकं भरपूर होतात, पण गुणपत्रिकेवर ती बऱ्याचदा नीट उमटत नाहीत. म्हणून प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यातले प्रात्यक्षिकांचे तास दिसतील असा, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. गणित-भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी केली असेल तर जीवशास्त्राचे क्रेडिट्स हमखास कमी पडतात. ते अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये तुलनेने स्वस्तात भरता येतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकन सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही, त्यामुळे हा जादा वर्षाचा खर्च बँकेशी बोलताना सुरुवातीलाच मांडा.