रॅली: नियमपुस्तक न वाचल्याने होणाऱ्या या चुका टाळा

आपल्याकडे बरेच स्पर्धक टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीतून सुरुवात करतात आणि मग स्टेज रॅलीकडे वळतात. रोडबुक (मार्गाची वही), टाइम कार्ड (वेळ नोंदवायचे कार्ड), मार्शल (नोंद करणारे अधिकारी) दोन्हीकडे असतात, पण निकाल लावायची रीत अगदी वेगळी. टीएसडीत आयोजकांनी दिलेला सरासरी वेग सेकंदागणिक पाळायचा. स्टेजवर, म्हणजे वाहतूक बंद केलेल्या रस्त्याच्या टप्प्यावर, जो सर्वांत कमी वेळ घेईल तो पुढे. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की चांगली गाडी आणि चांगला हात असूनही निकाल हातचा जातो.

टीएसडीतली सर्वांत महागडी चूक म्हणजे ओडो चेक, म्हणजे आयोजकांच्या अंतराशी आपला ट्रिपमीटर ताडून पाहणे, घाईत उरकून टाकणे. आयोजकांचे अंतर 10.00 किमी आणि तुमच्या ट्रिपमीटरवर 9.75 आले, तर गुणक 1.0256. तो लावला नाही तर 60 किमीच्या सेक्शनमध्ये जवळपास दीड किलोमीटरचा फरक पडतो. ताशी 36 किमी वेगाला एक किलोमीटर म्हणजे 100 सेकंद, म्हणजे अडीच मिनिटे गेली. ओडो चेकनंतर टायर बदलला किंवा हवा कमी-जास्त केली की गुणकही बदलतो, म्हणून हवा आधीच पक्की करा.

दुसरी चूक दशांशाची. 7.4 किमी ताशी 42 ने म्हणजे 10.57 मिनिटे, आणि नवखा नॅव्हिगेटर ते घाईत 10 मिनिटे 57 सेकंद असे लिहितो. खरी वेळ 10 मिनिटे 34 सेकंद. वेग बदलतो त्या प्रत्येक ठिकाणी पूर्णांक करत बसू नका. सेकंदाचा दशांश ठेवून बेरीज शेवटपर्यंत न्या. लवकर आणि उशिरा पोहोचण्याचा दंड किती, हे प्रत्येक रॅलीचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन (त्या रॅलीची स्वतःची नियमावली) ठरवते. बऱ्याच ठिकाणी लवकरचा दंड जास्त असतो, म्हणून शंका असेल तिथे थोडे मागे राहिलेले बरे.

स्टेज रॅलीत टाइम कंट्रोलचे, म्हणजे ठरलेल्या मिनिटाला कार्ड द्यायच्या नाक्याचे, गणित नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या पद्धतीत घड्याळाचा पिवळा फलक म्हणजे कंट्रोल झोनची सुरुवात, लाल फलक म्हणजे प्रत्यक्ष कंट्रोल. ठरलेल्या मिनिटात, किंवा त्याआधीच्या एका मिनिटात, झोनमध्ये शिरता येते; पण कार्ड मार्शलच्या हातात ठरलेल्या मिनिटातच पडले पाहिजे. 18:58 असेल तर 18:58:00 ते 18:58:59. लवकर दिले तर दर मिनिटाला 1 मिनिट दंड, उशिरा दिले तर दर मिनिटाला 10 सेकंद. मिनिटाचा भागही पूर्ण मिनिट धरतात.

या फरकातून सर्व्हिस पार्कमधला (गाडी दुरुस्त करायच्या तळावरचा) निर्णय निघतो. सस्पेंशनचा बोल्ट अर्धवट आवळून वेळेत बाहेर पडण्यापेक्षा तीन मिनिटे उशीर करून 30 सेकंद सोसणे जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे. मात्र उशिराला कमाल मर्यादा असते, ती ओलांडली की रॅलीतून बाहेर. राष्ट्रीय आणि स्थानिक स्पर्धांत हे आकडे बदललेले असू शकतात, म्हणून ते कागदावर लिहून गाडीत चिकटवा.

फ्लाइंग फिनिश, म्हणजे पूर्ण वेगात ओलांडायची स्टेजची शेवटची रेषा, ओलांडल्यावर स्टॉपच्या फलकापर्यंत मध्ये थांबू नका. पंक्चर असले तरी नाही. प्रकरण थेट स्टुअर्ड्सकडे, म्हणजे स्पर्धेच्या पंचांकडे, जाते.

स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची नियमांनुसार तपासणी, ही औपचारिकता नव्हे. 1966 च्या मॉन्टे कार्लो रॅलीत पहिल्या तीन क्रमांकांवर मिनी गाड्या होत्या. हेडलाइट डिप होण्याच्या (झोत खाली वळण्याच्या) नियमावरून तिन्ही बाद झाल्या आणि पाउली टोइव्होनेनची सिट्रोएन विजेती ठरली. 2002 मध्ये त्याच रॅलीत सर्व्हिसमध्ये टायर नियमाविरुद्ध बदलल्याबद्दल सेबास्तियाँ लोएबला दोन मिनिटांचा दंड झाला आणि विजय टॉमी मॅकिननकडे गेला. 2012 मध्ये पोर्तुगालला मिको हिरव्होनेन जिंकूनही बाद झाला. क्लच होमोलोगेशनप्रमाणे, म्हणजे त्या गाडीसाठी मंजूर भागांच्या नोंदीप्रमाणे, नव्हता. या तिन्ही वेळी शिक्षा झालेल्यांपैकी कुणीही हळू चालवले नव्हते. गाडीत कोणताही भाग बसवताना होमोलोगेशन फॉर्म समोर ठेवून तपासा. ‘गेल्या वर्षी चालले होते’ हा पुरावा होत नाही.

गुणपद्धत तर मोसमागणिक बदलते आणि तिच्यावरच चॅम्पियनशिपची रणनीती ठरते. जागतिक रॅली स्पर्धेत 2024 मध्ये शनिवारअखेरच्या स्थानाला जास्तीत जास्त 18, रविवारच्या कामगिरीला 7 आणि पॉवर स्टेजला (रॅलीच्या शेवटच्या, जादा गुणांच्या स्टेजला) 5 गुण होते. त्यामुळे स्वीडनमध्ये एसापेक्का लाप्पी जिंकला, पण त्याच्यापेक्षा जास्त गुण दुसऱ्या आलेल्या एल्फिन एव्हान्सने नेले. 2025 पासून विजेत्याला 25, दुसऱ्याला 17 आणि रविवार व पॉवर स्टेजला प्रत्येकी कमाल 5 अशी रचना झाली. आमच्या मते ही दुसरी पद्धत न्याय्य आहे, विजयाला वजन मिळते. तुमच्या चॅम्पियनशिपमध्ये किती फेऱ्यांचे गुण धरतात, आणि स्टेज चुकवून पुन्हा सामील होता येते का, हे पहिल्या फेरीआधीच पाहा. शेवटच्या फेरीत जोखीम घ्यायची की नाही, हे त्यावर ठरते.

बुलेटिन, म्हणजे आयोजकांनी नंतर काढलेली नियमदुरुस्ती, मूळ नियमाच्या वर असते. नोटीसबोर्ड दर सर्व्हिसला वाचण्याचे काम एकाच माणसाकडे द्या. टाइम कार्डवरची प्रत्येक नोंद मार्शलसमोरच तपासा, कारण स्टेजवरून निघाल्यावर चूक सिद्ध करणे कठीण. प्रोव्हिजनल (तात्पुरता) निकाल लागल्यावर त्याविरुद्ध प्रोटेस्टला (अधिकृत हरकतीला) एफआयएच्या नियमांत साधारण 30 मिनिटेच असतात. अर्ज लेखी, सोबत ठरलेली फी. ती रक्कम टीम मॅनेजरकडे आधीच तयार ठेवा.