बुटकं वेखंड लावताय? या चुका टाळा

मत्स्यटाकीसाठी म्हणून विकलं जाणारं, पंख्यासारखी पसरलेली अरुंद पानं असलेलं गवती रोप बऱ्याचदा बुटकं वेखंड असतं. शास्त्रीय नाव अकोरस ग्रॅमिनियस, मूळ पूर्व आशियातलं. गवताशी नातं फक्त दिसण्यापुरतं. पान चुरगाळलं की मंद सुवास येतो, आणि मोठ्या वेखंडाच्या पानावर असते तशी ठळक मधली शीर इथे नसते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ते पूर्ण बुडवणं. हे दलदलीतलं झाड आहे. पाय पाण्यात, डोकं हवेत. बुडवलं तरी लगेच मरत नाही आणि तिथेच फसगत होते. आडव्या खोडातल्या साठ्यावर ते काही महिने हिरवं दिसतं. माझं रोप पाच महिने ‘जगलं’. नवं पान एकही नाही, जुन्यांवर शेवाळ, मग बाहेरची पानं बुडापासून पिवळी. मी खत बदललं, दिवा बदलला. शेवटी उपटलं तर खोड बोटांत लिबलिबीत लागलं, वर सडका वास.

टाकीत हवंच असेल तर काठाला अडकवायच्या कप्प्यात लावा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. पाण्याखालची हिरवळच हवी असेल तर सरळ हेअरग्रास ही केसांसारखी बारीक पाणवनस्पती घ्या, ती बुडूनही वाढते.

तळ्यात लावताना खोड मातीत गाडू नका, कुजतं. मुळं आत, खोडाची पाठ उघडी. वर चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरे. तळं खोल असेल तर कुंडीखाली विटा रचा. कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, ते तरंगून पाणी गढूळ करतं. जड चिकणमाती भरा, वर खडीचा थर.

पानांची टोकं तपकिरी झाली की पाणी जास्त झालं असं वाटतं. बहुतेकदा उलटं असतं: माती मध्येच सुकलेली असते, नाहीतर ऊन फार कडक असतं. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, कात्रीने उडवा. पानांवर बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही बारीक कीड आहे. पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. तळ्यात मासे असतील तर औषध मारू नका.

वाढ मुळातच सावकाश असते, त्यामुळे झुपका दर वर्षी फोडायची घाई नको. फोडताना हाताने ओरबाडू नका. धारदार सुरीने खोड कापा आणि प्रत्येक तुकड्याला मुळं आणि पानं दोन्ही आहेत ना, ते बघा.