क्लच दाबला तरी गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघा

जुन्या पिकअपचा क्लच त्रास द्यायला लागला की गॅरेजमधे पहिलं उत्तर ठरलेलं, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल". कधी कधी गेलेली असतेच, पण क्लच हायड्रॉलिक असेल (म्हणजे पेडलचा जोर तारेऐवजी ऑइलने पोचत असेल) तर बऱ्याच वेळा प्लेट ठणठणीत असते आणि पेडलचा जोर वाटेतच कुठेतरी गळत असतो. तो कुठे गळतोय ते शोधायला पैसे लागत नाहीत, फक्त पेडल दाबायला एक माणूस लागतो.

आधी नक्की काय होतंय ते बघा. गॅस दिला की इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय, तिथे प्लेटवर संशय घ्या (पेडलला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची थोडी मोकळी हालचाल, आहे ना तेवढं बघून घ्या, कारण तो नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं (पेडलने ऑइल ढकलणारा वरचा सिलिंडर) ऑइल त्याच्या टाकीत परत जात नाही, क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि चांगली प्लेट पण घसरते). उलट गिअर खरखर करतोय, रिव्हर्स तर पडतच नाही, म्हणजे क्लच सुटत नाहीये, आणि हायड्रॉलिकचा दोष बहुतेक असाच दिसतो. खात्री करायला इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की अडतात, तर क्लचच. बंद असताना पण अडले तर गिअर लिंकेज (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचे रॉड किंवा केबल) बघा, क्लचच्या मागे लागू नका.

आता इंजिन चालू ठेवून पेडल चार-पाच वेळा पटापट मारा. त्याने गिअर पडायला लागला तर सिस्टीममधे एअर आहे नाहीतर मास्टर थकलाय. मग मोकळ्या सपाट जागेत, पुढे कोणी उभं नाही बघून, पहिला गिअर टाकून पेडल तसंच दाबून धरा. थोड्या वेळाने गाडी आपोआप सरकायला लागली आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टरचा रबर कप आतल्या आत ऑइल सोडतोय.

ओल शोधायची ती दोन ठिकाणी. एक, पेडलच्या वर रॉड जिथे आत जातो तिथे बोट फिरवायचं, मॅटखाली पण बघायचं. दुसरं, खाली गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर असतो (मास्टरकडून आलेल्या ऑइलच्या जोराने रॉड ढकलून क्लच सोडवणारा) त्याचं रबरी बूट उचलायचं, आतून ऑइल सांडलं तर सील गेलंय. टाकीतलं ऑइल काळं झालं असेल तर आत रबर झिजतंय असं समजा. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, तिथे लेव्हल उतरत असेल तर तो ब्रेकचा पण प्रश्न आहे, गाडी रस्त्यावर काढू नका.

यातली सगळ्यात कामाची टेस्ट म्हणजे स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते बघणं. गाडीखाली जाणार तर चाकाला ठोकळे लावा, नुसत्या जॅकवर विश्वास नको, आणि हे इंजिन बंद ठेवूनच. एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने बघायचं. बऱ्याच गाड्यांत रॉड साधारण एक-दीड सेंटीमीटर सरकतो, अचूक आकडा मॅन्युअलमधे बघा. पूर्ण सरकतोय तरी क्लच सुटत नाही, तर हायड्रॉलिक पास, दोष फोर्क (रॉड ज्याला ढकलतो तो आतला दांडा), प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) किंवा क्लच प्लेटमधे. कमी सरकतोय तर एअर, मास्टर नाहीतर स्लेव्ह. आणि रॉड गेला पण परत येत नाही, तर वर मास्टरजवळचा पाइपचा नट जरा ढिला करा, दाब तिथे सुटला तर मास्टर किंवा पेडलचं ॲडजस्टमेंट, तिथे नाही पण खाली स्लेव्हवरच्या निपलला (एअर काढायचा छोटा स्क्रू) सुटला तर रबरी होज आतून फुगून बंद झालाय. हा होज बाहेरून अगदी नवा दिसतो आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

एअर काढायची पद्धत ब्रेकचीच. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेलं, पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. टाकी मधेच रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं, कारण हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगून सगळे सील जातात. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

मास्टरला नुसतं किट (आतले नवीन रबर कप आणि सील) टाकायचं का? सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर टाका, खड्डे किंवा गंज दिसला तर नवीन कप पण लवकरच कापला जातो, तेव्हा पूर्ण सिलिंडरच बदला.

काही पिकअपमधे स्लेव्ह बाहेर नसतो, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लच झाकणारं कवच) आत बेअरिंगसोबत बसवलेला असतो. टाकी उतरतेय, बाहेर कुठे ओल नाही, आणि बेल हाउसिंगच्या खालून ब्रेक ऑइल टपकतंय, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. मग उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील आणि इंजिनचं मागचं ऑइल सील पण तपासून घ्या, मजुरी परत द्यायला नको.