कास-बामणोलीच्या मुक्कामात कॅम्परची बॅटरी पुरवायची कशी

बामणोली-तापोळ्याकडे कोयनेच्या पाण्याजवळ कॅम्पर (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) लावायची (जागामालकाला विचारूनच), तर दोन दिवस बाहेरची वीज नाही असं धरूनच निघा.

आधी हिशोब. घरच्या इन्व्हर्टरची 150 एएच (अँपियर-तास) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारची, बॅटरी गाडीत बसवली असेल तर 150 गुणिले 12, म्हणजे 1800 वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाताशी 900 धरा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर 100 एएचमधूनच हजारभर मिळतात.

आता दिवसाचा खर्च. 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज सुमारे 400 वॉट-तास, 20 वॉटचा पंखा रात्री आठ तास 160, पाच वॉटचे तीन दिवे चार तास 60, मोबाईल 30, पाण्याचा पंप 10. बेरीज 660. एका दिवसाला हे भागतं; दुसऱ्या दिवसासाठी सोलर किंवा इंजिनातून भर हवी. पण 1000 वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, त्याला काहीही जोडलेलं नसलं, तरी तो 12 वॉटच्या आसपास खातो. चोवीस तासांत 288! बेरीज 948 वर गेली आणि पहिल्याच दिवशी मर्यादा ओलांडली. म्हणून मोबाईल आणि दिवे थेट 12 व्होल्टवर घ्या. लॅपटॉपलाही 12 व्होल्टचा चार्जर मिळतो. इन्व्हर्टर मिक्सरपुरता लावा आणि लगेच बंद करा.

स्वयंपाक गॅसवरच करा. 2000 वॉटची इंडक्शन 12 व्होल्टच्या बॅटरीतून 180 अँपियरच्या वर ओढते; तेवढ्याला केबल तापते, व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. मात्र शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी.

फ्रिजकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर तो थंड करून ठेवा, सामान थंडच भरा, रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या लावा. बॅटरी निम्मी भरलेली असूनही फ्रिज रात्री बंद पडत असेल, तर बहुतेकदा दोष वायरचा असतो. पाच मीटर लांब, 1 चौरस मिमीच्या वायरीत जाऊन-येऊन पाऊण व्होल्टच्या आसपास गळतो. बॅटरीवर 12 असताना फ्रिजला 11.3 पोचतात, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहूनही कमी, आणि त्याचं संरक्षण त्याला बंद करतं. 4 चौरस मिमीची स्वतंत्र वायर टाका आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच फ्यूज लावा.

सोलरची भिस्त ऋतू पाहून ठेवा. 200 वॉटचं पॅनेल हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी 600-700 वॉट-तास देऊ शकतं. कासच्या फुलांच्या दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरच्या धुक्या-पावसात, त्याच्या पाव भागावरही समाधान मानावं लागतं. साताऱ्यात मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा टपावरचं आडवं पॅनेल ठीक. डिसेंबरात मात्र ते दक्षिणेकडे 30-40 अंश कलवलं तर फरक दिसतो. कॅरिअरची एक पट्टीभर सावलीही उत्पादन बरंच पाडते. लांब केबलचं सुटं पॅनेल आम्हाला जास्त पटतं: गाडी झाडाखाली, पॅनेल उन्हात, आणि गाडी थंड राहिल्याने फ्रिजही कमी चालतो.

पावसाळ्यात खरी मदत इंजिनाची. 20 अँपियरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनावर बनणारी वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजवर देणारा) तासाभराच्या प्रवासात 250 वॉट-तास भरतो, म्हणजे साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठेपर्यंत फ्रिजचा निम्म्याहून जास्त खर्च निघतो. साध्या रिलेने (इंजिन चालू असताना बॅटरी नुसती जोडून देणाऱ्या स्विचने) हे काम चालवू नका; अनेक बीएस-6 (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज बनवणारं यंत्र, मध्येच व्होल्टेज उतरवतो आणि बॅटरी अर्धवटच भरते.

व्होल्टमीटर पहाटे, सगळं बंद करून अर्धा-एक तासाने वाचा: लेड-ॲसिडला 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. फ्रिज चालू असताना दिसणारा आकडा कमीच येणार. लिथियमचं व्होल्टेज जवळपास सपाट राहतं, तिला शंट लावलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, मीटरच हवा. ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती झोपण्याच्या जागेत न ठेवता बाहेर हवा जाणाऱ्या पेटीत ठेवा. आणि घरी परतल्यावर त्याच दिवशी पूर्ण चार्जिंगला लावा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसून क्षमता कायमची कमी होते.