कॉलेजातलं वक्तृत्व : या चुका टाळा, म्हणजे परीक्षक जागे राहतील

"सर, परवा स्पर्धा आहे. एखादं भाषण द्या ना." पाऊस ओसरून स्पर्धांचा हंगाम लागला की हा फोन येतो, आणि नेमका रात्री दहानंतर येतो. पोरगं नम्र असतं, विषयही लगेच व्हॉट्सॲपवर टाकतं. फक्त "तुला स्वतःला यावर काय वाटतं?" असं विचारलं की पलीकडून आवाज बंद. पंधराएक वर्षं मी सातारा-सांगलीकडची पोरं स्पर्धेला तयार करतोय, मधूनच परीक्षकाच्या खुर्चीतही बसतो. पोरं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भाषण शब्दन्‌शब्द पाठ करणं. ही मी स्वतः केलीय, तीही भरल्या सभागृहात.

मी एस. वाय.ला होतो. भारनियमनाचे दिवस. कराडकडच्या एका कॉलेजात स्पर्धा होती, वेळ सात अधिक एक मिनिट, विषय जागतिकीकरण आणि खेडं. आमच्या सरांनी चार फुलस्केप भरून भाषण लिहून दिलं. मी ते पंधरा दिवस घोकलं. दात घासताना, एसटीत, जेवताना. स्टेजवर पहिली तीन मिनिटं गाडी सुसाट. मग आलं ते वाक्य, "आज खेड्यातला तरुण चौकात उभा आहे, त्याच्या एका हातात..." मी उजवा हात वर केला आणि लाइट गेली.

माईक मेला, पंखे थांबले, मागून शिट्ट्या. जनरेटर सुरू व्हायला चार-पाच मिनिटं गेली. संयोजक म्हणाले, "चालू करा, वेळ पुढून धरतो." चालू काय करणार? त्या हातात काय होतं तेच आठवेना. शेवटी डोक्यातली टेप मागं नेली आणि सरळ "आदरणीय व्यासपीठ" पासून सुरुवात केली. सभागृहात खसखस पिकली. मी तरी रेटत नेलं, त्याच वेगात, त्याच हातवाऱ्यांसह, आणि पुन्हा त्याच जागी येऊन अडकलो. "त्याच्या एका हातात..." मागच्या बाकावरून आवाज आला, "बॅटरी द्या रे त्याच्या हातात!"

परतीच्या एसटीत उंब्रजला आठवलं. एका हातात नोकरीचा अर्ज, दुसऱ्या हातात सातबारा.

पाठांतरात मागचा शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो. एक कडी निसटली की पुढचं सगळं गेलं, कारण आपल्याला मुद्दे ठाऊक नसतात, फक्त शब्दांची रांग ठाऊक असते. लाइट जायलाच हवी असंही नाही. वेळेची पहिली घंटा, उशिरा येणारा पाहुणा, पहिल्या रांगेतलं रडणारं पोर, काहीही पुरतं.

माझी सवय सांगतो. भाषण एकदा पूर्ण लिहायचं, मग तो कागद घरी ठेवायचा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर पाच मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन शब्द. मोठा कागद हातात थरथरतो आणि शेवटच्या रांगेलाही दिसतो. पुठ्ठा थरथरत नाही. पाठ करायची फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, कारण उभं राहिल्या राहिल्या तोंड कोरडं पडतं, तेव्हा डोक्यावर भरवसा ठेवू नये. मग मित्राला समोर बसवायचं. त्यानं "तीन" म्हटलं की तिसऱ्या मुद्द्यापासून बोलायचं, "पाच" म्हटलं की पाचव्यापासून. दर वेळी शब्द वेगळे आले पाहिजेत. तेच आले तर समजा, पुन्हा पाठ व्हायला लागलंय. याला आठवडा लागतो. दोन दिवसांत होतं असं सांगणारे क्लासवाले आहेत. त्यांच्याकडची पोरं मला पहिल्या वाक्यात ओळखू येतात. "आकाश" म्हणताना सगळ्यांचं बोट एकाच कोनात वर जातं.

आता किरकोळ पाप भराभर सांगतो.

व्यासपीठ, अध्यक्ष, परीक्षक, वेळाधिकारी, गुरुजन वर्ग, बंधू-भगिनी, अशी पाऊण मिनिटाची यादी नको. "नमस्कार" पुरतो.

सुरुवातीला चारोळी नको. तीच चारोळी तुमच्या आधी दोघांनी म्हटलेली असते.

आठ मिनिटं बोलून झाल्यावर "माझे दोन शब्द संपवतो" म्हणू नये. "वेळेअभावी थांबतो" तर मुळीच नको. वेळ सगळ्यांना सारखाच होता. विवेकानंदांचं शिकागोतलं ११ सप्टेंबर १८९३ चं पहिलं भाषण हरेक स्पर्धेत कुणीतरी काढतंच, पण ते मूळ इंग्रजीत पाचशे शब्दांच्याही आत आहे, हे कुणी ध्यानात घेत नाही.

अवतरण फॉरवर्डमधून उचलू नका. "उठा, जागे व्हा" हा घोष विवेकानंदांनी घरोघर पोचवला हे खरं, पण त्याचं मूळ कठोपनिषदात आहे, हे माहीत असलेला परीक्षक समोर असू शकतो. आणि साताऱ्यात उभं राहून "रयत शिक्षण संस्था १९१९ साली साताऱ्यात स्थापन झाली" म्हणणाऱ्याला तर मी तिथंच दोन गुण कमी देतो. ती कराडजवळच्या काले गावात सुरू झाली. साताऱ्याला आली १९२४ साली. संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कर्मभूमीत बोलताना एवढं तपासायला काय जातं?

दुसरी चूक मला जास्त सलते. भाषणासाठी भाड्यानं आणलेली भाषा.

माण तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे यायची. विषय पाण्याचा होता. स्टेजवर तिनं "जलसंकट ही अखिल मानवजातीसमोरील भीषण समस्या" पासून जे सुरू केलं ते "काळाची गरज" वर संपवलं. परीक्षक घड्याळ बघत होते. नंतर कँटीनमध्ये चहा पिताना सहज विचारलं, तुमच्याकडं पाण्याचं कसं? म्हणाली, "टँकर येतो ना सर, पर तो हिरीत वततात. मग आमी वरनं पोहरं टाकून शेंदतो. आई म्हनती, टँकरचा आवाज आला की भाकर तव्यावरच सोडून पळायचं." मी म्हटलं, हे का नाही बोललीस? तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी वेडाच आहे. "सर, ह्ये भाषनात कसं बोलायचं?"

कसं बोलायचं हे आपल्याच मातीत सापडतं. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील खेड्यापाड्यांत सभा घ्यायचे ते याच बोलीत. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हाही नव्हता, त्यांचं गाव सातारा जिल्ह्यातच होतं. इंग्रजांना झुगारून त्यांनी चालवलेल्या पत्री सरकारामागं माणसं उभी राहिली ती पुस्तकी मराठी ऐकून नव्हे. प्रमाणभाषेला माझा विरोध नाही. मीही तीच शिकवतो. पण ती अंगावर बसेपर्यंत उसन्या सदऱ्यासारखी दिसते, आणि लोक सदराच बघत बसतात.

पुढच्या वर्षी तिनं भाकरी-तव्यापासूनच सुरुवात केली. सभागृह चिडीचूप झालं. नंबर मात्र तिसराच आला, एका परीक्षकानं "भाषा प्रमाण नाही" असा शेरा मारला. तो शेरा मला अजून पटलेला नाही, पण असेही परीक्षक भेटतात हे मुलांना आधीच सांगून ठेवतो.

ओरडण्याचंही तेच. मुद्दा कच्चा असला की आवाज चढतो. माईक असताना घसा ताणायचं कारणच नाही. तोंडापासून वीतभर अंतर आणि जरासं तिरकं, म्हणजे "प", "फ", "भ" म्हणताना फटाके फुटत नाहीत. माईकवर फुंकर मारू नका, टिचक्याही नकोत. हातातला माईक जाळीवर मूठ आवळून धरला की शिट्टी वाजण्याची शक्यता वाढते. स्पीकरच्या समोर नेला तर वाजतेच. बुटक्या मुलामुलींनी आधी जाऊन पोडियममागं उभं राहून बघावं. नुसतं कपाळ दिसत असेल तर माईक काढून हातात मागावा, देतात.

यंदाचा पहिला फोन काल रात्री आला, दहा वाजून वीस मिनिटांनी. त्याला सांगितलं, भाषण मिळणार नाही. उद्या संध्याकाळी सहाला साताऱ्यातल्या चार भिंतीच्या टेकडीवर ये. कागद आणू नकोस, एक मित्र आण.