आठवी-नववीच्या वर्गाला फॉरवर्ड तपासायला कसं शिकवावं

कम्प्युटर लॅब मोकळी मिळण्याची वाट पाहू नका. चार-पाच मेसेजच्या झेरॉक्स, फळा आणि शिक्षकांचा एक मोबाइल एवढ्यावर काम भागतं. झेरॉक्स काढण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव, नंबर, डीपी झाकून टाका. आणि मेसेज नागपूरचेच घ्या. लांबच्या देशातल्या निवडणुकीचं उदाहरण दिलं की पोरं माना डोलावतात आणि विसरून जातात.

सुरुवात ५६ अंशांपासून करा. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं आणि त्याची देशभर बातमी झाली. आकडा फळ्यावर लिहा. ‘खरं की खोटं?’ हा प्रश्न टाळा. ‘हे कोणी मोजलं? कशानं मोजलं?’ असं विचारा. कोणीतरी म्हणेलच, ‘‘सर, टीव्हीवर दाखवलं होतं न!’’ तेही लिहून घ्या. मग मुलांना दोन गोष्टी शोधायला लावा: भारतातलं तोवरचं अधिकृत उच्चांकी तापमान, आणि त्याच दिवशी नागपूर परिसरातल्या इतर केंद्रांच्या नोंदी. पहिल्याचं उत्तर राजस्थानातलं फलोदी, २०१६, ५१ अंश. दुसऱ्यात काही केंद्रांवर ४४ च्या आसपासचे आकडे सापडतात. ‘एकदम पाच अंशांनी विक्रम मोडला, तोही आपल्याच गावात?’ ही शंका मग मुलांनाच येते. हवामान विभागानंही नंतर सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. म्हणजे आकडा कोणी रचला नव्हता, यंत्रावर तो खरंच उमटला होता, तरी नागपूरचं तापमान ५६ नव्हतं. हे पचायला मुलांना वेळ लागतो. अख्खी तासिका यात गेली तरी जाऊ द्या. दिसेल त्याला ‘फेक’ म्हणून मोकळं होण्याची सवय इथेच मोडते.

पुढच्या तासाला व्हिडिओ घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे बहुतेकांच्या घरी माहीत असतं. पुराचा कुठलाही एक व्हिडिओ दाखवा, मध्येच थांबवा आणि विचारा, हे नागपूर कशावरून? दुकानांच्या पाट्या, मेट्रोचे खांब, गाड्यांचे नंबर बघायला लावा. एमएच ३१ आणि ४९ शहराचे, ४० ग्रामीणचा. हा खेळ मुलांना फार आवडतो, म्हणूनच थोडा आवरावा लागतो: चारही दिशांचे महामार्ग इथून जातात, तेव्हा छत्तीसगडची एक पासिंग दिसली म्हणून व्हिडिओ बाहेरचा ठरत नाही. थांबवलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोधणारं मोबाइलमधलं साधन) टाकून ते आधी कधी, कुठे आलं होतं तेही सगळ्यांसमोर शोधा. जुनी तारीख निघाली तर प्रश्नच मिटला. काहीच निघालं नाही, तर त्यावरून व्हिडिओ खरा ठरत नाही.

तिसरा मेसेज वीज कापण्याचा घ्या: ‘आज रात्री ९.३० वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा.’ अनेक घरांत हा येऊन गेलेला असतो. यात घाई कुठे लावली आहे आणि भीती कुठे घातली आहे, ते शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करायला सांगा. महावितरण असे मेसेज कोणाच्या वैयक्तिक मोबाइलवरून पाठवत नाही. मेसेजमधल्या नंबरवर फोन न करता वीजबिलावर छापलेल्या नंबरवर विचारायचं. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

घरी काय बोलायचं, याचाही वर्गात सराव करून घ्या, कारण खरी अडचण तिथेच येते. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘आबा, हे खोटं आहे’ असं लिहिलं की आबा चिडतात आणि मेसेज तसाच राहतो. जवळ बसून ‘आबा, हे तुम्हाला कोणी पाठवलं?’ एवढंच विचारायला सांगा. एकानं आबा व्हायचं, दुसऱ्यानं नातू. आबा होणारी मुलं फारच खऱ्यासारखं चिडतात, तेव्हा शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्या.

परीक्षा घेऊ नका. आठवड्याभरात प्रत्येकानं एक मेसेज आणावा आणि खाली कुठे-कुठे पाहिलं ते लिहावं. नीट शोधून ‘ठरवता आलं नाही’ असं लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या.